श्रीमंतांना संघटना कशाला?

क्रिकेटपटूंच्या संघटनेचा विषय निघाला की आमच्या बुलढाणा जिल्ह्यातील पारावर एक प्रश्न हमखास येतो: कोट्यवधी रुपये मिळविणाऱ्यांना संघटना हवी कशाला? प्रश्न वाजवी आहे. संघटना म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे खामगावच्या बाजारातला हमाल उभा राहतो. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला आणि ओझे वाहणाऱ्यांच्या मजुरीचा विचार करणाऱ्या मंडळांत मालकांबरोबर कामगारांचेही प्रतिनिधी बसू लागले. त्या पंक्तीला क्रिकेटपटूला बसविणे अनेकांना विनोदी वाटेल.

परंतु कोट्यधीश खेळाडू मूठभर असतात. आपल्या विदर्भाने २०१७-१८, २०१८-१९ आणि २०२४-२५ असा तीनदा रणजी करंडक जिंकला. त्या पातळीवर वीसपर्यंत सामने खेळलेल्याला, २०२१ साली मंडळाने ठरविलेल्या दरानुसार, दिवसाला चाळीस हजार रुपये मिळतात. रक्कम लहान नाही. पण ती संघात निवड झाली तरच. गुडघा दुखावला, हंगाम हुकला, तर हाती काय उरते? आणि वयाच्या पस्तिशीत बहुतेकांचा खेळ संपतो.

इंग्लंडच्या व्यावसायिक खेळाडूंनी १९६७ सालीच आपली संघटना उभारली. निरनिराळ्या देशांतील अशा संघटनांचा महासंघ १९९८ मध्ये स्थापन झाला. २०२४ पासून तो जागतिक क्रिकेटपटू संघटना या नावाने ओळखला जातो. भारताचे आजचे खेळाडू मात्र त्यात नाहीत. लोढा समितीच्या शिफारशींनंतर २०१९ मध्ये आपल्याकडे भारतीय क्रिकेटपटू संघटना आली, तिचे एक पुरुष व एक महिला प्रतिनिधी मंडळाच्या सर्वोच्च परिषदेत बसतात; पण ती संघटना निवृत्तांची. ज्याचे पाय आज मैदानात आहेत, त्याचा शब्द त्या टेबलापर्यंत पोहोचत नाही.

मंडळ आपण होऊन भरपूर देते, मग तक्रार कशाची, असे कोणी म्हणेल. देते, हे खरेच. तथापि धन्याने खुशीने दिलेले आणि समोरासमोर बसून ठरविलेले यांत अंतर आहे. पहिले उद्या धनीच काढून घेऊ शकतो. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या आपल्या परिपत्रकात कामगारांचा एकत्र येण्याचा हक्क मान्य केला, तो माणसाच्या स्वाभाविक अधिकारांपैकी एक म्हणून. हा हक्क पगाराच्या आकड्यावर अवलंबून नसतो.

आता पुन्हा पारावरच्या प्रश्नाकडे वळू. २०१७ साली ऑस्ट्रेलियात मंडळाने उत्पन्नातील वाटा वरच्या खेळाडूंपुरता ठेवून प्रांतिक खेळाडूंना वगळू पाहिले. नामवंतांना त्यात तोटा नव्हता. तरीही स्मिथ, वॉर्नर यांच्यासारखे खेळाडू आपल्या संघटनेबरोबर उभे राहिले. जूनअखेर करार संपले, सुमारे २३० खेळाडू कराराविना राहिले, आणि ऑगस्टमध्ये तडजोड झाली तेव्हा प्रांतिक खेळाडूंचा वाटा टिकला.

श्रीमंत खेळाडूला संघटनेची गरज सर्वांत कमी, हे आम्हांस मान्य आहे. परंतु संघटनेला त्याचीच गरज सर्वांत अधिक असते. राखीव खेळाडूने एकट्याने नकार दिला तर त्याच्या जागी दुसरा येतो. ज्याच्यावाचून सामना रंगत नाही, त्याचा नकार ऐकावाच लागतो. ज्याला बळ लाभले, त्याच्यावर हे देणे आहे. आपल्या देशातले हे देणे अद्याप फिटलेले नाही.