शाळेशी मतभेद : ख्रिस्ती आईबापांनी काय करावे?

(वाचन : गणना 27:1–11, मत्तय 18:15–17, 1 करिंथ 6:1–8)

आपल्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार कानी येतो. एखादे मूल हळू शिकते, त्याला ऐकू कमी येते, किंवा वाचताना ते पावलोपावली अडखळते. शाळा सांगते, "याला दुसरीकडे घाला." आईबाप म्हणतात, "थोडा आधार द्या, इथेच शिकेल." पुष्कळदा शाळा मिशनचीच असते, मुख्याध्यापक आणि मुलाचे वडील रविवारी एकाच मंदिरात उपासनेला बसतात. मग कोणी वडिलांना बजावतो, "आपल्याच शाळेविरुद्ध तक्रार? पौलाने करिंथकरांस काय लिहिले ते आठवा!" बाप गप्प बसतो, मूल घरी बसते, आणि मंडळीत शांती आहे असे आपण समजतो. ही शांती प्रभूला मान्य असेल काय?

बंधूने बंधूवर परक्यांच्या न्यायासनापुढे फिर्याद नेऊ नये, त्यापेक्षा नुकसान सोसावे, असे पौलाने लिहिले हे खरेच. ते वचन आम्ही सैल करू इच्छीत नाही. परंतु तेथे सोसावयाचे ते नुकसान स्वतःचे आहे. स्वतःचा हक्क सोडणे हा त्याग. लेकराचा हक्क सोडून देण्यास त्याग कसे म्हणावे? मुलाचे शिक्षण ही बापाची मालमत्ता नाही. देवाने सोपविलेल्या ठेवीचा तो कारभारी आहे, आणि कारभाऱ्याने धन्याची ठेव उदारपणे वाटून टाकू नये. त्याच अध्यायात पौल असेही विचारतो की, तुमच्यांत निवाडा करील असा एकही शहाणा मनुष्य नाही काय? हा दोष फिर्याद करणाऱ्याइतकाच मंडळीला लागतो. आणि न्याय मिळेना तेव्हा पौलाने स्वतः कैसराजवळ न्याय मागितला, हे प्रेषितांच्या कृत्यांत नमूद आहे.

सलाफहादच्या पाच मुलींचे उदाहरणही घ्या. त्या मोशे, याजक व सरदार यांच्यापुढे दर्शनमंडपाच्या दाराशी उभ्या राहिल्या आणि आपले म्हणणे त्यांनी स्पष्ट मांडले. कोणी त्यांना भांडखोर ठरविले नाही. मोशेने प्रकरण देवापुढे नेले आणि नियमच बदलला. नम्रपणे केलेली रास्त मागणी हा देवाच्या लोकांत अपराध नाही.

मागावे कसे, याचा क्रम मत्तयाच्या अठराव्या अध्यायात आहे. प्रथम वर्गशिक्षकांना एकांतात भेटावे. "तुम्ही आमच्या मुलाला टाकून देता" अशी सुरुवात करू नये. मूल घरी काय करू शकते, कोठे अडते, हे सांगावे. न जमल्यास एकदोघांना बरोबर घेऊन मुख्याध्यापकांकडे जावे. बोलणे झाले की त्याच दिवशी ते लिहून द्यावे व प्रत ठेवावी. त्यानंतर शाळेची व्यवस्थापन समिती. तेथेही वाट न निघाल्यास कायद्याचे दार ठोठावण्यात विश्वासाचा भंग नाही.

कायदा थोडक्यात असा. दिव्यांगांच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्यात 21 प्रकारचे दिव्यांगत्व मोजले असून, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचणही त्यांत आहे. सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या शाळांनी अशा मुलांना भेदभाव न करता प्रवेश द्यावा व गरजेप्रमाणे सोयी कराव्यात, असे तो सांगतो. शेकडा 40 किंवा अधिक दिव्यांगत्वाचा दाखला असलेल्या, 6 ते 18 वर्षे वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत अथवा पसंतीच्या विशेष शाळेत विनामूल्य शिक्षण मिळावयास हवे. गाऱ्हाणे राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे नेता येते. 2009 चा शिक्षणहक्काचा कायदा ज्या शाळांना लागू आहे, त्यांच्याविषयी स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निर्णय तीन महिन्यांत व्हावा आणि अपील राज्याच्या बालहक्क आयोगाकडे व्हावे, अशी तरतूद आहे.

येथे मिशन शाळांच्या चालकांशी दोन शब्द बोलले पाहिजेत. 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अल्पसंख्याकांच्या शाळा 2009 च्या कायद्याबाहेर राहिल्या. 2025 साली त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी त्या निकालाविषयी शंका नोंदवून प्रश्न मोठ्या पीठाकडे जावा असे म्हटले. 2016 च्या कायद्यात मात्र अशी सूट लिहिलेली नाही. पण समजा, सगळीकडेच सूट असती, तरी बालकांना अडविणाऱ्या शिष्यांवर जो प्रभू रागावला, त्याच्या नावाच्या पाटीखाली आपण ती सूट कोणत्या तोंडाने वापरणार?

शिक्षकांचीही बाजू ऐकावी. पन्नास मुलांचा वर्ग, विशेष शिक्षक नाही, वर निकालाचा धाक. अशा बाईंना किंवा गुरुजींना निर्दय म्हणणे अन्याय होय. आईबापही चुकू शकतात. खुणांच्या भाषेची गरज असलेल्या बहिऱ्या मुलाला "लोक काय म्हणतील" म्हणून विशेष शाळेपासून दूर ठेवणे ही माया नव्हे. दोन्हीकडच्यांनी एकच प्रश्न विचारावा : या लेकराच्या हिताचे काय?

मंडळीने काय करावे? पक्षघाती माणसाला चौघांनी उचलून आणले. तसे चौघे प्रत्येक मंडळीत हवेत. एकाने आईबरोबर शाळेत जावे. एकाने दवाखान्यातून दाखला मिळविण्यास मदत करावी. एकाने अर्ज लिहून द्यावा, कारण बेळगावात तो कन्नडात, बडोद्यात गुजरातीत, इंदुरात हिंदीत लिहावा लागला तर मराठी आई तेथेच थबकते. घरी मराठी बोलणारे मूल शाळेच्या भाषेत मागे पडले, तर त्याला मंदबुद्धी ठरविण्यापूर्वी त्याची पारख त्याच्या भाषेत व्हावी, हेही कोणी सांगावे लागते. चौथ्याने मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन त्यांची अडचण ऐकावी.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी व वडीलमंडळींनी एवढेच विचारावे : आपल्यांतले कोणते मूल शाळेबाहेर आहे? उत्तर मिळाल्यावर त्याच आठवड्यात त्या घरी जावे. प्रभू तुमच्याबरोबर चालो.