हाताला कळणारा रस्ता

गेल्या आषाढात आम्ही सहकुटुंब इंदूरहून महेश्वरास निघालो होतो. महू मागे पडल्यावर हमरस्ता सोडून जाम दरवाजाच्या वाटेने मंडलेश्वराकडे उतरावे, हा हट्ट आमचाच. माळव्याचे पठार जिथे एकाएकी संपते आणि खाली निमाड धुक्यात पसरलेला दिसतो, ती जागा पावसाळ्यातच पाहावी असे आमचे मत आहे. गाडी चिरंजीवांची, नवी. घाटाच्या तोंडाशी त्यांनी स्टिअरिंग आमच्या हाती दिले. आमचा मान राखण्यासाठी की आमची कुरकुर थांबवण्यासाठी, ते तेच जाणोत. तिसऱ्या-चौथ्या वळणावर डोंगरावरून वाहून आलेली माती पसरलेली होती. पुढची चाके हातभर सरकली आणि पुन्हा रस्त्याला धरून राहिली. झाले ते एवढेच. पण चाके सरकली हे आम्हाला डोळ्यांनी कळले. हातांना त्याची वार्ताही नव्हती. तीस वर्षे फियाट चालवलेल्या हातांना तो अपमान वाटला.

त्या फियाटचे गोडवे गाण्याचा आमचा हेतू नाही. उभ्या गाडीत तिचे स्टिअरिंग वळवणे म्हणजे भरलेली मोट ओढण्यासारखे होते, आणि उन्हाळ्यात सराफ्याच्या गल्लीत गाडी लावून उतरेपर्यंत सदरा ओला होई. पण तिच्या स्टिअरिंगवर हात ठेवला की खडी कुठे संपली, डांबर कुठे तापून मऊ झाले, कोणते चाक खड्ड्याच्या कडेवरून गेले, हे न पाहता समजे.

हाताला समजते म्हणजे नेमके काय समजते, हे पाहण्यासारखे आहे. सायकलचा पुढचा चिमटा जसा किंचित तिरपा असतो, तसाच मोटारीच्या पुढच्या चाकांचा वळण्याचा आसही तिरपा ठेवलेला असतो. त्यामुळे वळवलेले चाक पुन्हा सरळ होऊ पाहते. वळणावर टायरचा रस्त्याला टेकलेला भाग पिळला जातो, तोही चाकाला सरळ करू पाहतो. आणि ही ओढ स्टिअरिंगच्या दांड्यातून तळहातापर्यंत येते. यातली सर्वांत सुंदर गोष्ट पुढेच आहे. टायरची पकड संपण्याच्या बेतात आली की ही ओढ आधी ओसरू लागते आणि पकड सुटते ती त्यानंतर. म्हणजे घसरण्याच्या क्षणभर आधी स्टिअरिंग हलके होते. ज्याच्या हाताला ही सवय आहे, त्याचा पाय तेवढ्यात वेगावरून उचललेला असतो.

पॉवर स्टिअरिंग आले ते मात्र ऐषआरामासाठी नव्हे. फ्रान्सिस डेव्हिस हा अमेरिकन अभियंता पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात होता. जड वाहने वळवताना होणारे हाल त्याला ठाऊक होते. 1926 मध्ये त्याने तेलाच्या दाबावर चालणारी मदत मोटारीला बसवून दाखवली. दुसऱ्या महायुद्धात ती चिलखती गाड्यांच्या कामी आली आणि 1951 मध्ये क्रायस्लरच्या इम्पीरियल मोटारीतून सर्वसाधारण गिऱ्हाइकापर्यंत पोचली. या तेलाच्या मदतीत हात जेवढा पिळेल तेवढा दाब वाढे आणि चाकाकडून येणारी ओढही पातळ होऊन का होईना, परत येई. पुढे विजेची मोटर आली. 1988 मध्ये सुझुकीने जपानमध्ये सर्व्हो या लहान गाडीला ती बसवली. तेलाचा पंप इंजिनाला सदोदित ओझे होऊन राहतो, तर विजेची मोटर वळण्यापुरती जागी होते. इंधन वाचते म्हणून ती सर्वत्र झाली. 2011 मध्ये पोर्शेच्या 911 लाही तीच आली आणि जाणकार हळहळले. या रचनेत हाताने किती पीळ दिला हे एक संवेदक मोजतो, संगणक हिशेब करतो आणि मोटर चाके वळवते. मोटरचे स्वतःचे घर्षण आणि जडत्व असते. शिवाय खड्ड्यांचे हादरे गिऱ्हाइकाला नकोत, म्हणून ते गाळून टाकलेले असतात. गाळणीत हादऱ्याबरोबर निरोपही अडकतो. 2023 पासून विकल्या जाणाऱ्या टेस्लाच्या सायबरट्रकमध्ये तर स्टिअरिंग आणि चाके यांना जोडणारा दांडाच नाही, मध्ये केवळ तारा आहेत.

कठोपनिषदात शरीराला रथ म्हटले आहे, बुद्धीला सारथी, इंद्रियांना घोडे आणि मनाला लगाम. हे रूपक आपण लहानपणापासून ऐकत आलो, ते बहुधा संयमाचा पाठ म्हणून: लगाम घट्ट धरा, घोडे आवरा. पण ज्याने टांगा हाकला आहे त्याला विचारावे. लगामातून हुकूम जितका पुढे जातो, तितकीच घोड्याची खबर मागे येते. घोडा बिचकणार आहे हे टांगेवाल्याला लगामातूनच आधी कळते. मनाला लगाम म्हणणाऱ्या ऋषीला हे ठाऊक नसेल असे आम्हाला वाटत नाही. देकार्तने 1637 मध्ये आंधळ्याच्या काठीचा दाखला दिला होता, तोही याच जातीचा. आंधळा काठीच्या टोकाने जणू पाहतो. ती काठी रबराची करून दिली तर तिचा भार हलका होईल खरा.

इथवर लिहून आम्ही हे पान सौभाग्यवतींना वाचून दाखवले. त्यांनी चष्मा काढला आणि एवढेच म्हणाल्या, “तुमची फियाट मी का सोडली, आठवतं का?” आठवत होते. 1986 च्या सुमारास त्यांचा उजवा खांदा धरला आणि गाडी लावताना स्टिअरिंग वळेना. त्यांनी गाडी सोडली ती पंधरा वर्षे. पॉवर स्टिअरिंगची गाडी घरात आली तेव्हाच त्या पुन्हा एकट्या बाहेर पडू लागल्या. हात दणकट असलेल्यांनी श्रमाचे तत्त्वज्ञान सांगावे आणि इतरांनी घरी बसावे, असा न्याय आम्ही नकळत करीत होतो. हे मान्य केले पाहिजे.

पण मान्य करूनही एक गोष्ट उरते. जडपणा आणि जाणीव या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. आजच्या पुष्कळ गाड्यांत एक बटण असते; ते दाबले की स्टिअरिंग जड होते आणि चालवणाऱ्याला वाटते की आपण काही मर्दानी चालवतो आहोत. प्रत्यक्षात मोटरने मदत कमी केलेली असते, रस्त्याचा एक शब्दही अधिक आलेला नसतो. सौभाग्यवतींना नको होता तो जडपणा. खबर त्यांनी कधीच नाकारली नव्हती. मदत करणाऱ्याने ओझे घ्यावे यात वाद नाही. ओझ्याबरोबर खबरही घेण्याचा अधिकार त्याला कोणी दिला, असा आमचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आम्हाला मोटारीने शिकवलेला नाही. चार वर्षांपूर्वी वडोदऱ्यास आमचे थोरले बंधू आजारी पडले. आमच्या हृदयाचे दुखणे तेव्हा नवे होते, म्हणून “बाबांना एवढ्यात सांगू नका” असे मुलांनी आपसात ठरवले. फोनवर दादा झोपलेत, दादा देवळात गेलेत, असे सांगितले जाई. सारे कसे सुरळीत, गुळगुळीत. आम्ही पोचलो ते तेराव्याला. मुलांनी जे केले ते मायेने केले. त्यांच्यावर रागावणे आम्हाला जमले नाही, आजही जमत नाही. परंतु भेटायला जायचे की नाही, हा निर्णय आमचा होता. प्रकृतीचा धोका पत्करायचा की नाही, हाही आमचाच. हादरा बसू नये म्हणून वळणच आमच्या हातून काढून घेतले गेले. मुलांना हे एकदा सांगावे असे अनेकदा मनात आले. स्टिअरिंगवरचा हा निबंध वाचून ते त्यांना कळेल, असा आमचा भित्रा हिशेब आहे.

जाम घाटातल्या त्या वळणानंतर आम्ही गाडी कडेला घेतली आणि सूनबाईंनी स्टिअरिंग हाती घेतले. पुढे एका ठिकाणी रस्ता स्वच्छ दिसत असताना त्यांनी वेग एकदम उतरवला. वळून पाहतो तो पलीकडे पुन्हा माती. ही गाडी हाताला काही सांगत नाही, मग तुम्हाला आधी कळले कसे, असे आम्ही विचारले.

“बाबा, टायरखालचा आवाज बदलला ना. पाणी गढूळ झालं की जरा घुमतो.”

आम्हाला काहीच ऐकू आले नव्हते. परतीच्या वाटेवर आम्ही मागच्या आसनावर बसलो आणि पाऊस आत येत असतानाही काच चार बोटे उघडी ठेवली.