दुसऱ्याचं प्रारब्ध





गेल्या काही महिन्यांत दोन कुटुंबांच्या ग्रुपवर एकच प्रश्न आला, फक्त शब्द वेगळे. घरातल्या माणसाला मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एम.एस., निघालं आहे. वय तिशीच्या आसपास. व्यसन नाही, नित्यपाठ चुकत नाही, कुणाचं वाईट केलेलं नाही. मग हे का? आणि खाली उत्तर येतं, "प्रारब्ध आहे, भोगूनच संपतं." चार जण हात जोडल्याची खूण टाकतात आणि विषय मिटतो. आम्हाला वाटतं विषय तिथून सुरू होतो. म्हणून आज जरा मोठं लिहितो आहोत, सवडीने वाचा आणि घरात मोठ्याने वाचून दाखवा.

आधी आजार काय ते. विजेच्या तारेवर जसं आवरण असतं, तसं मेंदूतल्या आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जातंतूंवर असतं. शरीराची रक्षण करणारी यंत्रणाच चुकून त्या आवरणावर उठते. तार उघडी पडली की मेंदूचा निरोप हळू जातो, कधी जातच नाही. बुऱ्हाणपूरकरांना हे कुंडी भंडाऱ्यावरून लवकर समजेल. १६१५ च्या सुमाराची ती जमिनीखालची पाण्याची वाट. आत चुन्याचे थर साचले की पाणी कमी होतं, वर जमीन मात्र जशीच्या तशी दिसते. या आजाराचंही तसंच आहे. कोणता निरोप अडला त्यावर त्रास ठरतो. एकाला डोळ्याने धूसर दिसतं, एकाला एकाच्या दोन वस्तू दिसतात, कुणाचे पाय जड, कुणाला मुंग्या, कुणाला लघवी आवरत नाही. ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही, पण घराबाहेर पडणं तिच्यामुळेच बंद होतं.

बहुतेकांना २० ते ४० या वयात हा आजार सुरू होतो. बायकांमध्ये पुरुषांच्या दुपटीहून जास्त. जगात २८ लाखांहून अधिक माणसं याच्यासोबत जगतात. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, ताटाला ताट लागून तर नाहीच नाही. कारण विचाराल तर एकच एक असं सांगता येत नाही. एका अगदी साध्या विषाणूचा त्याच्याशी घट्ट संबंध असल्याचं २०२२ साली एका मोठ्या अभ्यासात दिसलं. पण तो विषाणू जवळपास सगळ्यांच्याच अंगात कधी ना कधी येऊन गेलेला असतो. तुमच्याही आणि आमच्याही.

आता प्रारब्धाकडे येऊ. कर्माचा सिद्धांत आपण मानतो, आणि तो खोटा आहे असं सांगायला आम्ही बसलेलो नाही. प्रश्न इतकाच आहे की ते वाक्य कुणाच्या तोंडी शोभतं? आजारी माणूस स्वतःशी म्हणाला, "माझ्या वाट्याला आलंय, पेलतो," तर त्याला त्यातून बळ मिळतं. तेच वाक्य धडधाकट शेजाऱ्याने म्हटलं की त्याचा अर्थ होतो, "तूच काहीतरी केलं असशील." शब्द तेच, पण एकीकडे औषध झालं आणि दुसरीकडे दगड. आणि ते बोलणाऱ्याचं आणखी एक काम होतं, त्याला घरी जायला मोकळीक मिळते. भोग तिचा आहे ना, मग आपण काय करणार!

हिशोबाची वही ज्याच्या हातात आहे त्याने ती वाचावी. आपल्याला तिच्यातलं एक पानही दिसत नाही. आणि सिद्धांत लावायचाच तर पुरता लावू. तिचा आजार हे तिचं प्रारब्ध असेल, तर ती आपल्या गल्लीत, आपल्या सत्संगात, आपल्या घरात आहे हे आपलं प्रारब्ध आहे. तिच्या वाट्याला भोग आला, तसं आपल्या वाट्याला काम आलं. ते टाळलं तर कुणाच्या खात्यात काय लिहिलं जाईल?

भगवान बुद्धांनी दिलेला दृष्टांत पुष्कळांना माहीत असेल. बाण लागलेला माणूस म्हणतो, बाण कुणी मारला, त्याचं गाव कोणतं, धनुष्य कसलं होतं, हे कळेपर्यंत बाण काढू देणार नाही. तो तसाच मरून जाईल. इथे तर विचारणारा जखमीही नसतो, बाजूला उभा राहून तोच चौकशी करत असतो. आपल्या जनाबाईची गोष्ट घ्या. विठोबा तिच्याबरोबर जात्यावर बसला, असं आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगतो. दासीचा जन्म का आला याची चर्चा त्याने केली नाही. आणि तिला उठवून "तू बस, मीच दळतो" असंही म्हणाला नाही. एका खुंट्याला दोघांचे हात. मदतीचं हे माप आम्हाला फार पटतं. एम.एस. झालेल्या सुनेच्या हातून लाटणं काढून घेणारी माया पुष्कळ घरांत असते. तिला खुर्ची द्यावी, ओट्याजवळ बसून पोळ्या लाटू द्याव्यात, आणि ती "आज नाही" म्हणाली तर त्या दिवशी का म्हणून विचारू नये.

कारण या आजारातला थकवा वेगळा आहे. रात्रभर झोपूनही सकाळी अंगात काही उरलेलं नसतं. चेहरा मात्र टवटवीत. "दिसते तर चांगली की!" हे वाक्य या माणसांना ताप आल्यापेक्षा जास्त लागतं. पुरुष असेल तर वेगळीच तऱ्हा. तोल जातो, बाजारातून भिंत धरून चालतो, आणि लोक म्हणतात भरदिवसा पिऊन आला. सोसणं एक, आणि सोसतो आहोत हे सिद्ध करत बसणं दुसरं. दुसरं ओझं आपण लादलेलं असतं, ते तरी आपल्याला उतरवता येईल.

आता जरा अवघड गोष्ट. ग्रुपवर कुणाला आवडणार नाही, पण लिहितो. बहुतेकांमध्ये हा आजार सुरुवातीला झटक्यांनी येतो. डोळा जातो, पाय जातो, आणि काही आठवड्यांत पुष्कळसं परतही येतं. ही त्या आजाराची चालच आहे. नेमकं त्याच वेळी कुणी अंगारा दिलेला असतो, कुणी तेल, कुणी सात गुरुवार सांगितलेले असतात. मग म्हणतात, बघा, गुण आला! आणि औषध बंद होतं. पुढचा झटका येतो तेव्हा पाय पूर्ण परत येत नाही. झटका ओसरणं म्हणजे आजार जाणं नव्हे. पुढचे झटके कमी करणारी औषधं १९९३ पासून मिळू लागली, आता त्यांचे पुष्कळ प्रकार आहेत. ती लवकर सुरू करून नियमाने घेण्यातच फायदा. महाग आहेत, हे खरं. इंदूरच्या खेपा, एमआरआयचा खर्च, घरातला एक कमावता हात थांबलेला, हे सगळं खरं. पण श्रद्धेच्या नावाने औषध थांबवायला सांगणाऱ्याला सद्गुरूंच्या नावाची ढाल घेऊ देऊ नका. नाम घ्यायला गोळी आड येत नाही. गोळी सोडायचा विचार मनात आला तर तो मेंदूच्या डॉक्टरांसमोर बोला, ग्रुपवर नको.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात एम.एस.चं नाव स्पष्ट आहे, हेही बऱ्याच घरांना माहीत नसतं. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो. "आपण काय अपंग आहोत का" म्हणून मागे राहू नका. मुंबईत १९८५ पासून या रुग्णांची भारतीय संस्था काम करते आहे, तिथेही विचारपूस करता येते.

आणि आपल्या गावाचं ऊन. अंग तापलं की या आजाराची लक्षणं तेवढ्यापुरती वाढतात, गार झालं की पुन्हा उतरतात. बुऱ्हाणपूरच्या मे महिन्यात दुपारच्या सत्संगात दोन तास मांडी घालून बसायचं, आरतीला उभं राहायचं, वर निर्जळी उपास, हे त्यांच्याकडून मागणं म्हणजे त्यांना येऊ नका म्हणणं. म्हणून ठरवलं आहे की पावसाळा लागेपर्यंत गुरुवारचा सत्संग सकाळी साडेसहाला होईल. दारापाशी कूलरसमोर चार खुर्च्या राहतील, त्यांवर कोण बसलं आणि का, याची चौकशी कुणी करणार नाही. आरती बसून म्हटली तरी चालेल. बाथरूम खालच्याच मजल्यावर उघडं ठेवायचं आहे, किल्ली कुणाकडे राहील ते संध्याकाळपर्यंत कळवा. ज्यांच्याकडे गाडी आहे त्यांनी आपल्या गल्लीतून कुणाला आणायचं ते आधी त्यांनाच विचारावं, आणि त्या दिवशी ते "नको" म्हणाले तर पुढच्या गुरुवारी पुन्हा विचारावं.