आजचं चिंतन : गीता १७.१५ – उपवासाचं निमित्त

दसऱ्यानंतर रोह्यात धावीर महाराजांची पालखी निघते. अष्टमीहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की रोहा; पण मला आधी वाटेतलं शौचालय आठवावं लागतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मोठ्या आतड्याला सूज आणते. कुणी जेवणाचा आग्रह केला की मी म्हणायचो, "आज उपवास आहे." उपवासाला मान मिळतो, आजाराला प्रश्न.

आजच्या श्लोकात वाणीचं तप सांगितलंय : बोलणं न दुखावणारं, सत्य, प्रिय आणि हिताचं हवं. माझं उत्तर प्रिय होतं, सत्य नव्हतं.

परवा काकूंना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी सांगायचंस ना रे, मऊ भात टाकला असता!"

म्हणजे ते हिताचंही नव्हतं. माझ्या खोट्यानं त्यांची माया दारातच अडवली होती.

जय योगेश्वर.