चेहरा रुग्णाचा आहे

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातल्या एका गावात बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे पासष्ट चटके दिले गेले. तिकडे याला डंबा म्हणतात. बाळाचे पोट फुगले, श्वास लागला, की भूमका, म्हणजे गावचा मांत्रिक, बोलवायचा किंवा घरातल्याच कुणी विळा तापवायचा, अशी ही जुनी रीत. त्या गावाचे नाव बातम्यांत आले होते. मी ते लिहिणार नाही. का, हे सांगण्यासाठीच हा लेख आहे.

डंब्याचा धिक्कार आपण सगळेच करतो आणि तो केलाच पाहिजे. पण दवाखान्याच्या आतही एक रीत रुजली आहे, आणि ती पाळणारे शिकलेले आहेत. असे बाळ वॉर्डात आले, की कुणाच्या तरी खिशातून मोबाइल निघतो. आई पदराने बाळाचे पोट झाकू पाहते. "पदर बाजूले घे वं बाई, फोटो काढू दे." तासाभरात ते पोट, तो चेहरा, कधीकधी केसपेपरवरचे नावही अमरावती-अकोल्याच्या दहा ग्रुपांवर पोचलेले असते.

"आमचा हेतू जनजागृतीचा आहे," असे उत्तर येते. कुणाची जागृती? डंबा देणारे गाव त्या ग्रुपांत नसते. तिथे असतात ते आपण, आणि आपल्याला त्या फोटोतून एवढेच कळते, की आदिवासी अडाणी आहेत. गावाला मात्र वेगळे कळते: दवाखान्यात गेले, की फोटो निघतो आणि गावभर नाचक्की होते. पुढच्या खेपेला आजारी लेकरू तिथे नेताना पाय अडखळणारच. भूमका निदान फोटो काढत नाही. अंधश्रद्धेशी लढायला निघालेला फोटो अशा रीतीने भूमक्याकडेच माणसे परत पाठवतो.

"पण परवानगी घेतली होती." कोरकू बोलणारी बाई, समोर पांढरा कोट, हातात तापाने फणफणलेले बाळ. नाही म्हटले तर उपचारात हयगय होईल, ही भीती असताना दिलेला होकार हा होकार नव्हे. तोच डॉक्टर शहरातल्या वकिलाच्या सुनेचा असा फोटो ग्रुपवर टाकील का? टाकणार नसेल, तर प्रश्न हेतूचा नाही. माणसामाणसांत केलेल्या भेदाचा आहे.

गोपनीयतेचे हे खूळ पाश्चात्त्यांकडून आले, असेही कुणी म्हणू नये. रुग्णाच्या घरातल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत, अशी आज्ञा चरकसंहितेत वैद्यकीच्या शिष्याला दिलेली आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२चे नियम रुग्णाची गुपिते फोडायला मनाई करतात. एचआयव्हीबाधितांसाठी आणि मानसिक रुग्णांसाठी २०१७ साली झालेल्या दोन्ही कायद्यांत गोपनीयता हा हक्क आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नव्या नियमावलीत समाजमाध्यमांसाठी स्वतंत्र नियम घातले आणि त्याच महिन्यात ती सगळी नियमावली स्थगित झाली. नियम स्थगित झाला म्हणून सभ्यता स्थगित होत नाही.

अमरावतीकरांना तर हे परक्याकडून शिकण्याची गरजच नाही. डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ साली कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभे केले, त्या काळात 'महारोगी' एवढा एक शब्द कळला, की माणसाचे घर, गाव, सोयरीक सगळे तुटत असे. आजाराचे नाव गावात पोचणे म्हणजे काय, हे ज्या शहराने इतक्या जवळून पाहिले, तिथल्या वॉर्डात रुग्णाचा चेहरा विनाकारण फिरावा, याची मला लाज वाटते.

मात्र सगळा दोष नर्सताईंच्या किंवा आशाताईंच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. गृहभेट झाली? फोटो टाका. लसीकरण झाले? फोटो टाका. वरिष्ठच ग्रुपवर पुरावा मागतात. फोटो नाही तर काम झालेच नाही, ही आपल्या कार्यालयांची नवी अंधश्रद्धा आहे. वाढदिवसाला दवाखान्यात केळी वाटून, ती घेणाऱ्या हातासकट फोटो छापणारे पुढारीही तिचेच भक्त. नोंदवही, केसपेपर, सही यांवर विश्वास नसेल, तर तो विश्वास दुरुस्त करा. त्यासाठी बाळंतिणीचा चेहरा गहाण टाकू नका.

मोबाइल वाईट आहे, असे मी म्हणत नाही. फवारणीच्या दिवसांत विषबाधेची लक्षणे वऱ्हाडीत समजावणारा, साप चावल्यावर मांत्रिकाकडे न जाता थेट सरकारी दवाखाना गाठा असे सांगणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ जीव वाचवू शकतो. डंब्याविरुद्ध कोरकूत बोलणाऱ्या आशाताई तर हव्याच आहेत. यातल्या एकाही कामाला रुग्णाचा चेहरा लागत नाही.

म्हणून डॉक्टरांना, परिचारिकांना, आशाताईंना माझी विनंती आहे. जखमेची नोंद केसपेपरवर करा. ती तिथेच हवी. आणि आज ड्युटी संपल्यावर मोबाइलची गॅलरी उघडा. रुग्णांचे असे जेवढे फोटो असतील, तेवढे काढून टाका. ग्रुपवर टाकले असतील, तर तिथूनही.