बघतंय कोण?

महिलांच्या खेळात पैसा का नाही, असं विचारलं की एक उत्तर तयार असतं : “बघतंय कोण?” प्रेक्षक नाहीत म्हणून जाहिराती नाहीत, जाहिराती नाहीत म्हणून मानधन नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही, साधा हिशेब आहे. ऐकायला हे बिनतोड वाटतं.

आता खो-खो घ्या. आमच्या रत्नागिरीत हा खेळ जितका मुलांचा, तितकाच मुलींचा. इथल्या मुली राज्याच्या संघातून खेळतात. ऑगस्ट २०२२मध्ये पुण्यात ‘अल्टिमेट खो-खो’ ही व्यावसायिक लीग सुरू झाली. सहा संघ, मॅट, टीव्हीवर थेट प्रक्षेपण. तिचे पहिले दोन्ही हंगाम फक्त पुरुषांचे होते. पुढे १९ जानेवारी २०२५ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात प्रियांका इंगळेच्या संघाने नेपाळला ७८-४० असं हरवलं. ज्या लीगने खो-खोला व्यवसाय बनवलं, तिच्या त्या दोन हंगामांत या विश्वविजेत्या मुलींसाठी एकही संघ नव्हता. मग त्यांना कुणी बघितलं नाही, की बघायला दाखवलंच नाही?

मी सॉफ्टवेअर लिहितो, त्यामुळे हा फरक मला ओळखीचा आहे. तुमच्या फोनवर पुढचा व्हिडिओ कुठला यावा हे ठरवणारी सिस्टिम लोकांनी आधी काय बघितलं त्यावर चालते. नव्या व्हिडिओला व्ह्यूज नसतात म्हणून ती तो दाखवत नाही, आणि दाखवत नाही म्हणून व्ह्यूज येत नाहीत. तो शून्याचा आकडा खरा असतो, पण त्यातून लोकांची आवड कळत नाही. म्हणून अशा सिस्टिममध्ये नव्या गोष्टी काही वेळा मुद्दाम दाखवाव्या लागतात. ते उपकार नसतात, मोजमाप नीट व्हावं म्हणून केलेली ती सोय असते.

फुटबॉलच्या इतिहासात तर याचा पुरावाच आहे. २६ डिसेंबर १९२०ला लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ‘डिक, कर लेडीज’ या कारखान्यातल्या मुलींच्या संघाचा सामना बघायला सुमारे ५३,००० लोक आले होते. वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ला, इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या सदस्य क्लबांची मैदानं महिलांना बंद केली. ही बंदी जवळपास पन्नास वर्षं टिकली. एवढा काळ दार लावून ठेवायचं आणि नंतर “गर्दी कुठे आहे?” असं विचारायचं, याला बाजाराचा निकाल म्हणता येत नाही.

यावर एक रास्त आक्षेप आहे. लीग चालवणारा स्वतःचे पैसे घालतो. त्याने तोटा का सोसावा? मला वाटतं, तशी सक्ती त्याच्यावर करता येणार नाही. पण “मला धोका पत्करायचा नाही” आणि “लोकांना हे नकोच आहे” ही दोन वेगळी वाक्यं आहेत. पहिलं प्रामाणिक आहे. दुसऱ्यात आपला निर्णय लोकांच्या नावावर खपवला जातो.

“हळूहळू होईल” म्हणणाऱ्यांना माझा खरा प्रश्न वेगळा आहे. होईल, मान्य. पण तोवर वाट कुणी बघायची? खेळाडूचं आयुष्य फार तर दहा-पंधरा वर्षांचं. धाराशिवच्या सारिका काळेच्या नेतृत्वाखाली भारताने २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकलं. २०२०मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला, तोही खो-खोला २२ वर्षांनंतर मिळालेला. तेव्हा ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. नोकरी चांगलीच आहे. पण ऐन भरातली वर्षं तोवर मागे पडली होती, आणि ती परत देण्याची सोय कुठल्याच पुरस्कारात नसते.

आयर्लंडची एमा बर्न अशीच. आर्सेनलची गोलरक्षक, देशासाठी १३४ सामने. एप्रिल २०१७मध्ये आयर्लंडच्या महिला संघाने डब्लिनमध्ये पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की ट्रॅकसूट परत करावे लागतात आणि कपडे विमानतळाच्या स्वच्छतागृहात बदलावे लागतात. बोलणाऱ्यांमध्ये बर्न पुढे होती. त्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून निवृत्त झाली. ऑगस्ट २०२१मध्ये महिला आणि पुरुषांचं सामन्याचं मानधन समान झालं, तेव्हा ती संघात नव्हती.

त्या निर्णयातली एक गोष्ट मात्र मला महत्त्वाची वाटते. समान मानधनासाठी आयर्लंडच्या पुरुष खेळाडूंनी आपलं मानधन कमी करून घ्यायला होकार दिला. वाट बघण्याची किंमत तोवर एकाच बाजूने मोजली होती. ज्यांना मैदान आधीपासून मिळत आलं, त्यांनी त्यातला थोडा वाटा उचलला. याला मी दया म्हणणार नाही. थकलेला हिशेब थोडासा चुकता झाला, इतकंच.

आपल्यापैकी बहुतेकांकडे ना लीग आहे ना मानधन. पण बघणं आपल्याच हातात आहे, आणि सगळा हिशेब त्यावरच मांडला जातो. रत्नागिरीत आज खुंटाभोवती वळायला शिकणारी बारा वर्षांची मुलगी आणखी दहा वर्षांनी ऐन भरात असेल. “हळूहळू” म्हणणाऱ्यांच्या हातात तिच्यापुरती एवढीच मुदत आहे.