लोकांचा पैसा आणि साहसाचा अधिकार

आमचा एक जुना विद्यार्थी गेल्या वर्षीं भेटावयास आला. सरकारी साहाय्य घेऊन त्यानें काढलेला कारखाना बंद पडला होता. "सर, माझा पैसा गेला याचें दुःख नाहीं, लोकांचा गेला, म्हणून तोंड दाखवावेंसें वाटत नाहीं," असें तो म्हणाला. त्याचें समाधान करणें आम्हांस त्या वेळीं साधलें नाहीं. परंतु प्रश्न मनांत राहिला. ज्या पैशाचा धनी दुसरा आहे, तो अनिश्चित फळावर लावण्याचा अधिकार सरकाररूपी विश्वस्ताला आहे काय?

हा प्रश्न आज लहान नाहीं. नवोद्योगांच्या भांडवलासाठीं २०१६ मध्यें केंद्र सरकारनें १०,००० कोटि रुपयांचा निधि ठरविला. डिसेंबर २०२१ मध्यें चिप बनविणाऱ्या कारखान्यांकरितां ७६,००० कोटींची योजना मंजूर झाली, आणि जुलै २०२५ मध्यें खासगी संशोधनास अल्पव्याजी वा बिनव्याजी साहाय्य देण्यासाठीं एक लाख कोटींची. हा पैसा आभाळांतून पडत नाहीं. साबणाची वडी घेणारी मोलकरीणही त्यांत आपल्या कराची भर घालीत असते.

सरकारनें शाळा व दवाखाने पाहावे, धंद्याचा धोका धंदेवाल्यानें सोसावा, असें कित्येक म्हणतात. हें म्हणणें उथळ नव्हे. तथापि तें पुरतें खरें नाहीं. जें फळ वीस वर्षांनीं यावयाचें, त्याकरितां सावकार थांबत नसतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगांवची जागा सोडावी लागली, तेव्हां औंधच्या पंतप्रतिनिधींनीं कुंडलच्या माळावर त्यांस जमीन व कर्ज दिलें. १९१० मध्यें किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगरानें जमीन नासते अशी समजूत तेव्हां शेतकऱ्यांत होती. नफ्याची हमी कोण देणार? तो धोका पत्करला नसता, तर त्या माळावर निवडुंगच राहिला असता.

परंतु यशाच्या एका दाखल्यानें वाद मिटत नाहीं. अमेरिकेंतील दोन दाखले शेजारीं ठेवून पाहावे. तेथील ऊर्जा खात्यानें २००९ मध्यें सोलिंड्रा या सौरविजेच्या कंपनीस ५३.५ कोटि डॉलरच्या कर्जाची हमी दिली. २०११ मध्यें कंपनीचें दिवाळें वाजलें व देशभर ओरड झाली. त्याच खात्यानें २०१० मध्यें टेस्लाला ४६.५ कोटि डॉलर कर्जाऊ दिले. २०१३ मध्यें ते मुदतीपूर्वींच फिटले. लोक पहिल्या व्यवहारावर रागावले. आमच्या मतें विचार दुसऱ्याचा व्हावयास हवा. बुडालेल्या कंपनीचा तोटा प्रजेच्या माथीं बसला. तरलेल्या कंपनीची किंमत कित्येक पटींनीं वाढली, तेव्हां प्रजेस मिळालें तें केवळ व्याज. पुढें तिनें कर भरला, रोजगार दिला, असें उत्तर कोणी देईल. परंतु कर तर साहाय्य न घेणारा दुकानदारही भरतोच.

आमच्या धर्मशास्त्रकारांनीं राजाला पिकाचा सहावा हिस्सा सांगितला, यांत मोठें शहाणपण आहे. हिस्सा म्हणजे पीक आलें तर वांटा, न आलें तर शेतकऱ्यासह राजाचेंही कोठार रिकामें. सरकारनें नव्या उद्योगास साहाय्य द्यावें तें याच नात्यानें: यशांत भाग मागावा, तोटा झाल्यास तो लोकांपुढें उघड मांडावा, आणि निवड करणाराचा हात निवडलेल्याच्या खिशांत नसावा.

तोटा म्हणजे पाप, असें एकदां ठरलें कीं अधिकारी भितो; मग ज्याला कोणताही सावकार कर्ज देईल, त्यालाच सरकारही देतें. हा प्रकार बुडीत कर्जाहून अनीतीचा, कारण यांत गरिबाचा पैसा श्रीमंताच्या खात्रीवर खर्ची पडतो आणि कोणाचीही तक्रार येत नाहीं.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें हिशेब चोख ठेविला होता, आणि काय चुकलें तें लिहूनही ठेविलें होतें. तो पुन्हां भेटेल तेव्हां आम्ही त्यास सांगूं: लोकांनीं तुला दिलें तें जिंकण्यासाठीं नव्हे, प्रामाणिकपणें करून पाहण्यासाठीं. तें ऋण तूं फेडलें आहेस. तें लिखाण मात्र दुसऱ्या एखाद्या धडपडणाऱ्याच्या हातीं दे. लोकांच्या पैशाचें तेवढें फळ तुझ्यापाशीं शिल्लक आहे.